भरतीच्या तोंडावरचे दार

कोकणात खाडीकाठी ज्यांचे लहानपण गेले, त्यांना घड्याळे दोन असतात हे वेगळे सांगावे लागत नाही. एक भिंतीवरचे, दुसरे खाडीतले. होडी किती वाजता सुटणार, असे कोणी विचारले तर तांडेल एवढेच म्हणायचा, "पाणी आलं की." शहरातून आलेल्या पाहुण्याला ते उत्तर टोलवाटोलवीचे वाटे. खरे तर ते अगदी नेमके असे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ हाती येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे पाणी उधाणाचे, अष्टमीच्या सुमाराचे भांगाचे. दाभोळहून वाशिष्ठीतून गोवळकोटपर्यंत चिपळूणच्या बाजारपेठेचा माल याच गणितावर वर चढत असे.

आज मी ज्या नदीची हकिगत सांगणार आहे, ती मात्र कोकणातली नाही. ती इंग्लंडच्या पश्चिमेकडची सेव्हर्न नदी. वेल्सच्या डोंगरात उगम पावून सुमारे ३५४ किलोमीटर वाहत ती ब्रिस्टलच्या सागरी खाडीला मिळते. ब्रिटनमधली ही सर्वांत लांब नदी. गोदावरी-कृष्णेच्या मानाने ती लहानच म्हणायची. पण तिच्या मुखाशी येणारी भरती जगातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांमध्ये मोजली जाते. मुंबईत पाणी पाच मीटरच्या जवळ चढणार असले की वर्तमानपत्रे इशारे छापतात. सेव्हर्नच्या मुखापाशी मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत १४ मीटरच्या आसपास फरक पडतो. चार मजली इमारत बुडेल इतके पाणी सहा तासांत येते आणि पुढच्या सहा तासांत निघून जाते.

याचे कारण किनाऱ्याच्या आकारात आहे. ब्रिस्टलची खाडी नसराळ्यासारखी आहे. समुद्राकडे रुंद, आत येता येता निमुळती आणि उथळ. अटलांटिक महासागराचे पाणी त्या रुंद तोंडातून आत घुसते आणि पुढे जागा आखडत गेली की वर चढते. नदी आणखी अरुंद झाली की भरतीचे पहिले पाणी चक्क एक लाट होऊन उलट्या दिशेने, म्हणजे उगमाकडे धावू लागते. तिथले लोक तिला 'बोअर' म्हणतात. वर्षातून सुमारे १३० दिवस ती दिसते. ताशी १३ ते २० किलोमीटर वेगाने, काठावरच्या झाडांच्या फांद्या ओरबाडत ही पाण्याची भिंत ग्लॉस्टर शहरापर्यंत पोचते. १५ ऑक्टोबर १९६६ रोजी तिची उंची २.८ मीटर भरली होती. आज हौशी लोक फळी घेऊन तिच्यावर स्वार व्हायला येतात. पण ज्यांना याच नदीवर पोट भरायचे होते, त्यांना ती खेळ वाटणे शक्य नव्हते.

ग्लॉस्टर हे जुने बंदर. पहिल्या एलिझाबेथ राणीने १५८० मध्ये त्याला बंदराचा दर्जा दिला. पण दर्जा कागदावर मिळाला म्हणून वाट सोपी होत नाही. मुखापासून ग्लॉस्टरपर्यंतची नदी नागमोडी. वाळूचे दांडे आज इथे, तर महिन्याने तिथे. ओहोटीला पात्रात चिखलाचे माळ उघडे पडायचे. 'ट्रो' नावाच्या सपाट बुडाच्या शिडाच्या होड्या हा मार्ग वापरत, कारण पाणी ओसरले तरी त्या चिखलावर बसून राहू शकत. मोठ्या जहाजांना ते जमणारे नव्हते. तेव्हा व्यापाऱ्यांनी विचार केला, की या नदीच्या वाटेला जायचेच कशाला? तिच्या शेजारून कालवा खणावा.

त्या काळी इंग्लंडमध्ये कालव्यांची लाटच आली होती. जेम्स ब्रिंडली हा फारसे शिक्षण न घेतलेला गिरणी-सुतार या कालव्यांचा पहिला मोठा शिल्पकार. त्याची एक आख्यायिका सांगतात. पार्लमेंटच्या समितीने त्याला विचारले, "बाबा रे, मग देवाने नद्या कशासाठी केल्या?" त्यावर तो शांतपणे म्हणाला, "कालव्यांना पाणी पुरवण्यासाठी!" गोष्ट खरी असो वा नसो, त्या पिढीचा स्वभाव तीत नेमका उतरला आहे. नदीला पूर येतो, ती आटते, तिला भरती-ओहोटी असते. कालव्यातले पाणी गुमान पडून राहते. घोडा काठाने चालतो आणि होडी मागून येते.

ग्लॉस्टरच्या कालव्याचा कायदा १७९३ मध्ये झाला. पुढच्या वर्षी काम सुरू झाले आणि १७९९ च्या सुमारास पैसे संपून थांबले. जेमतेम तिसरा हिस्सा खणून झाला होता. नेपोलियनची युद्धे संपल्यावर बेकारी वाढली, तेव्हा लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने अशा कामांना कर्जे देऊ केली. थॉमस टेलफर्डसारख्या अभियंत्याचा सल्ला मिळाला. कालव्याचे समुद्राकडचे टोक बर्कली गावाजवळ ठरले होते, ते बदलून शार्पनेस या ठिकाणी नेण्यात आले. अखेर २६ एप्रिल १८२७ रोजी कालवा खुला झाला. लांबी साडेसव्वीस किलोमीटर, रुंदी सुमारे २६ मीटर, खोली साडेपाच मीटर. त्या वेळचा इंग्लंडमधला तो सर्वांत रुंद आणि खोल कालवा. दोन टोके सोडली तर मध्ये एकही लॉक नाही. वळणे नाहीत, वाळूचे दांडे नाहीत, बोअर नाही.

ही 'लॉक' काय भानगड आहे, ते थोडक्यात सांगतो. दोन दारांमध्ये कोंडलेली पाण्याची एक लांबट खोली म्हणजे लॉक. बाहेरचे दार उघडून होडी आत घ्यायची, दार लावायचे, आतल्या पातळीइतके पाणी भरायचे आणि मग आतले दार उघडायचे. होडी जिना चढल्यासारखी वर येते. हा प्रकार आपल्याला अगदी परका नाही. मुंबई बंदरात १९१४ मध्ये खुली झालेली अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, याच तत्त्वावर बांधलेली आहे. सुमारे २२८ मीटर लांब आणि ३० मीटर रुंद लॉकमधून जहाज आत घ्यायचे, म्हणजे बाहेर ओहोटी लागली तरी गोदीत पाणी टिकून राहते.

शार्पनेसलाही तेच केले. आणि इथेच या हकिगतीची खरी गाठ आहे. कालवा शांत होता, पण त्याचे दार नदीतच ठेवावे लागले. ते दुसरीकडे ठेवणार कुठे? जहाजे समुद्रातून येणार, म्हणजे नदीच्या मुखातूनच येणार. साडेसव्वीस किलोमीटरचा धोका टळला खरा, पण उरलेला सगळा धोका दारापाशी येऊन साठला. तोही रात्रंदिवस, बाराही महिने.

त्या दारात शिरणे का अवघड, ते पाहा. नदी दारासमोरून आडवी वाहते. भरती चढत असताना पाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे ग्लॉस्टरच्या दिशेने सुसाट जात असते. दाराच्या दोन्ही बाजूंना पाण्यात घुसलेले धक्के आहेत. त्यांच्या आत पाणी जवळजवळ स्थिर, बाहेर मात्र ओढ. आता एखादी लांब नाव सरळ दाराकडे वळवली, तर काय होईल? तिचे नाक धक्क्यांच्या आत, स्थिर पाण्यात शिरते, पण शेपूट अजून प्रवाहातच असते. नाक थांबते, शेपूट वाहत जाते. नाव आडवी होऊन धक्क्यावर आपटते किंवा फिरून बाहेर फेकली जाते. नाव जितकी लांब, तितका हा धोका मोठा.

म्हणून जुन्या खलाशांची रीत वेगळी होती. भरतीबरोबर वर यायचे, दारासमोर आले की नाव पूर्ण फिरवून तोंड प्रवाहाकडे, म्हणजे आलो त्याच दिशेला करायचे. मग इंजिन इतकेच चालवायचे, की नाव पाण्यात पुढे जाते आहे, पण काठाच्या हिशेबाने जागच्या जागी उभी आहे. पाण्याची ओढ आणि इंजिनाचा जोर यांची अशी बरोबरी झाली, की खलाशाच्या हातात पुन्हा सत्ता येते. मग नाक किंचित दाराकडे कलवून, आडवे सरकत सरकत आत शिरायचे. आणि एकदा शिरायचे ठरवले की मध्येच कचरायचे नाही. हे सगळे पूर्ण भरतीच्या आधीच्या ठरावीक वेळात व्हायला हवे. फार लवकर आलात तर दार उघडलेले नाही आणि पाण्याची ओढ जबरदस्त. उशिरा आलात तर ओहोटी लागून पुन्हा समुद्राकडे जावे लागणार.

जहाजे मोठी होत गेली तसे हे दार अपुरे पडू लागले. १८७४ मध्ये शार्पनेसला नवी गोदी आणि नवे, मोठे प्रवेशद्वार झाले. त्याच सुमारास नदीला टाळण्याचा आणखी एक प्रयत्न चालू होता. नदीच्या पश्चिमेला डीनच्या जंगलात कोळशाच्या खाणी होत्या. तो कोळसा शार्पनेसला आणण्यासाठी रेल्वेचा लोखंडी पूल बांधायला घेतला. १७ ऑक्टोबर १८७९ रोजी तो खुला झाला. लांबी सव्वा किलोमीटरहून अधिक, एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेलेले एकवीस गाळे आणि कालव्यावर फिरता येणारा आणखी एक गाळा. याच महिन्यात थोडे खाली, नदीच्या तळाखालून चाललेल्या रेल्वे बोगद्याच्या कामात मोठा झरा फुटून सगळे काम पाण्याखाली गेले. तो बोगदा पुरा व्हायला १८८६ साल उजाडले. म्हणजे एकाच नदीला माणसाने तीन तऱ्हांनी बगल दिली. शेजारून कालवा, वरून पूल, खालून बोगदा.

पूल शार्पनेसच्या दारापासून थोड्याच अंतरावर, पण वरच्या अंगाला होता. याचा अर्थ लक्षात घ्या. भरतीबरोबर आलेल्या ज्या नावेचे दार हुकेल, ती वाहत वाहत नेमकी पुलाच्या खांबांकडे जाणार. १९३९ मध्ये एक ओढनौका आणि तिच्यामागचे पडाव असेच वर ओढले गेले होते. पुलावर आदळून माणसे दगावली होती.

आणि मग ती रात्र आली. २५ ऑक्टोबर १९६०. 'आर्कंडेल एच' आणि 'वास्टडेल एच' अशी दोन तेलवाहू बार्जे भरती धरून शार्पनेसकडे येत होती. एकात इंधनाचे काळे तेल, दुसऱ्यात पेट्रोल. दोन्हींवर मिळून आठ माणसे. ती काही नवशिकी नव्हती. शार्पनेसचे दार हा त्यांच्या नोकरीतला नेहमीचा भाग होता. जवळ येता येता धुके दाटले. धुक्यात काठ दिसत नाही आणि काठ दिसत नसला, की आपण प्रवाहाच्या हिशेबाने कुठे आहोत हे कळत नाही. इंजिनाचा आवाज तोच, सुकाणूचा दांडा हातात तसाच, पण पाण्यासकट आपण सगळेच वाहत चाललेले असतो. दोन्ही बार्जांचे दार हुकले.

त्यांनी परत फिरून प्रवाहाला तोंड देण्याचा प्रयत्न केला. धुक्यात ती एकमेकांजवळ आली, एकमेकांना टेकली, आणि पाण्याच्या ओढीने अशी चिकटली की सुटेनात. रात्री साडेदहाच्या सुमारास दोन्ही मिळून पुलाच्या एका खांबावर आडवी आदळली. खांब कोसळला. त्याच्या दोन्ही अंगांचे दोन गाळे बार्जांवर येऊन पडले. पेट्रोलने पेट घेतला, आणि तेल पाण्यावर पसरत गेले तसतशी आग पाण्यावरून पुढे सरकत गेली. आठपैकी पाच जण गेले. तीन जण कसेबसे वाचले.

मला या घटनेत राहून राहून एक गोष्ट खुपते. नदीला टाळण्यासाठी बांधलेल्या कालव्याकडे निघालेल्या नावा होत्या त्या. आणि त्या आदळल्या कशावर, तर नदीला टाळण्यासाठीच बांधलेल्या पुलावर. माणसाने केलेल्या दोन बंदोबस्तांची नदीने एका रात्रीत आपसांत टक्कर लावून दिली. यात कोणाचा मूर्खपणा शोधायला गेले तर तो सापडत नाही. कालवा करणाऱ्यांचे बरोबर होते, पूल बांधणाऱ्यांचेही बरोबर होते. फक्त दाराच्या वरच्या अंगाला पूल उभा राहिला, तेव्हा दार हुकण्याची किंमत वाढली. एरवी धुक्यात वाट चुकलेली नाव कुठेतरी चिखलात रुतून बसली असती आणि सकाळी खलाशी घरी गेले असते.

तो पूल पुन्हा जोडला गेला नाही. १९६७ पासून त्याचे उरलेले गाळे उतरवायला घेतले. रोज गाडीने पलीकडच्या काठावर शाळेत जाणाऱ्या मुलांना ग्लॉस्टरवरून भला मोठा वळसा पडू लागला. आज तिथे कालव्याच्या काठी फिरत्या गाळ्याचा दगडी बुरूज तेवढा उभा आहे. आणि पूर्ण ओहोटीला, नदीचा तळ उघडा पडला की त्या दोन बार्जांचे सांगाडे दिसतात.

तिथून जवळच, पर्टन गावापाशी, जुन्या नावांची आणखी एक जागा आहे. तिथे नदी आणि कालवा यांच्यामध्ये जेमतेम एक बांध उरतो. १९०९ मध्ये नदीने तो काठ खचवला. कालवा फुटून नदीत रिकामा होण्याची वेळ आली. तेव्हा अभियंत्यांनी एक खेडवळ वाटेल असा, पण रामबाण उपाय काढला. मोडीत निघालेल्या नावा उधाणाच्या भरतीला काठावर जोरात चढवायच्या आणि बुडाला भोके पाडायची. पुढच्या प्रत्येक भरतीने त्यांच्यात गाळ भरत जायचा. पुढची कित्येक दशके हे चालू राहिले. ऐंशीच्या आसपास नावा तिथे गवतात रुतून पडल्या आहेत. कुणाचे नुसते नाक दिसते, कुणाचे सुकाणू. ज्या नदीने त्यांना आयुष्यभर छळले, तिच्याच गाळाने त्यांना भरून तिच्याविरुद्ध भिंत केली.

आता एवढ्या सगळ्या इतिहासानंतर श्रोत्यांना वाटेल, की या वाटेला आता कोणी जात नसेल. पण तसे झाले नाही. मालाची वाहतूक रेल्वे आणि रस्त्यांनी ओढून नेली, कालवे ओस पडू लागले. तेव्हा १९४४ मध्ये टॉम रोल्ट नावाच्या अभियंता-लेखकाने आपल्या नॅरोबोटीतल्या प्रवासावर पुस्तक लिहिले आणि ते वाचून लोकांना कालव्यांची आठवण झाली. १९४६ मध्ये रोल्ट, रॉबर्ट एकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालवे वाचवण्यासाठी संघटना उभी केली. १९६८ च्या कायद्याने सहलीसाठी कालवे राखणे हे सरकारचे काम ठरले. पूर्वी जिथे कोळसा जाई, तिथे आता कुटुंबे सुट्टीला जाऊ लागली. काही जण तर नावेतच कायमचे राहतात.

नॅरोबोट म्हणजे कालव्यांच्या अरुंद लॉकच्या मापाने बेतलेली नाव. रुंदी जेमतेम दोन मीटर, लांबी मात्र २१ मीटरपर्यंत. सपाट बूड, मागे उभे राहून सुकाणूचा दांडा धरायचा. चालत्या माणसाच्या गतीने कालव्यातून जायला ती उत्तम. पण भरतीच्या नदीत तिच्यासारखी अडनिडी वस्तू नाही. लांब असल्यामुळे ती दारात आडवी होते. पाण्यापासून तिची उंची इतकी कमी, की जरा लाटा उठल्या तर हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांतून पाणी आत येईल. आणि तिची इंजिनाची ताकद, उधाणाच्या दिवसांत सेव्हर्नच्या प्रवाहापुढे काहीच नाही.

तरीही लोक शार्पनेसहून ब्रिस्टलला नॅरोबोटी नेतात, कारण त्या दोन जलमार्गांना जोडणारी दुसरी जवळची वाट नाही. पण कशा नेतात, ते ऐकण्यासारखे आहे. आधी कळवून दिवस ठरवायचा. वारा पडलेला हवा, पाणी भांगाकडे झुकलेले असले तर उत्तम. नदी ओळखणारा वाटाड्या, म्हणजे पायलट, सोबत घ्यायचा. सगळ्यांच्या अंगात तरंगजाकिटे. नाकाशी नांगर साखळीसकट मोकळा ठेवलेला. आणि एक गोष्ट नवख्याला सुचत नाही, ती म्हणजे डिझेलची गाळणी तपासणे. शांत कालव्यात टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे गाळ साचतो. नाव पहिल्यांदाच लाटांवर हिंदकळली की तो ढवळून निघतो, गाळणी तुंबते आणि इंजिन बंद पडते. बंद पडते तेही नेमके तिथे, जिथे ते पडून चालत नाही. तेव्हा मोकळा ठेवलेला नांगर हाच एक आधार.

पूर्ण भरतीच्या सुमाराला शार्पनेसचे दार सोडायचे आणि ओहोटीवर स्वार होऊन खाली जायचे. वाटेत दोन प्रचंड पूल लागतात, एक १९६६ चा, दुसरा १९९६ चा. त्या भागात खडकांमधून पाण्याची वाट अरुंद होते. वेळ चुकली तर परत फिरता येत नाही. पुढे बहुतेक जण पोर्टिसहेडच्या लॉकमध्ये शिरून वाट पाहतात आणि पुढची भरती धरून एव्हन नदीतून ब्रिस्टलमध्ये चढतात. ब्रिस्टलचे बंदरही एके काळी ओहोटीला कोरडे पडे. जहाजे चिखलावर कलंडत आणि कमकुवत जहाजांचा कणा मोडे. १८०९ मध्ये विल्यम जेसपने नदीलाच दारे लावून तिथे कायम तरंगते बंदर केले.

उलट, वरच्या अंगाने ग्लॉस्टरला येणाऱ्यांची परीक्षा वेगळी. तिथे नाव नदीच्या प्रवाहाबरोबर खाली येत असते. लॉकचे दार डाव्या हाताला आणि त्याच्या पुढेच बंधारा. दार बंद असेल तर थांबायचे कसे? भिंतीला साखळ्या लावून ठेवल्या आहेत, त्यांना दोर अडकवायचा. पण कोणता? नवखा माणूस पुढचा दोर बांधायला धावतो. नाक बांधले गेले, की मागून येणारा प्रवाह शेपूट गरकन फिरवतो आणि नाव नदीत आडवी होते. म्हणून तिथला नियम असा, की आधी मागचा दोर. शेपूट बांधले की नाव प्रवाहात सरळ, शांत लोंबकळत राहते. मग पुढचा दोर सावकाश बांधा.

हे नियम कोणी खोलीत बसून केलेले नाहीत. प्रवाहाबरोबर असलात तर आधी शेपूट सांभाळा. दारात शिरायचे तर आधी प्रवाहाकडे तोंड करा. वेळेआधी पोचलात तर अडून राहा, वेळ टळली असेल तर आजचा दिवस सोडून द्या. यांतल्या एकेका वाक्यामागे कुणाची तरी फुटलेली नाव आहे, कुणाचा तरी घरी न परतलेला माणूस आहे. वाटाड्या जेव्हा सुट्टीला आलेल्या कुटुंबाला, "आज नाही, परवा जाऊ," असे सांगतो आणि त्यांचे तोंड उतरते, तेव्हा तो खरे तर या सगळ्यांच्या वतीने बोलत असतो.

आपल्या यंत्रांची ताकद वाढली, रेडिओ आला, उपग्रहाने जागा दाखवणारी साधने हातात आली. सेव्हर्नच्या भरतीचा मिनिटामिनिटाचा तक्ता वर्षभर आधी छापून मिळतो. पण तो तक्ता म्हणजे तरी काय? पाणी कधी येणार, हे त्यात लिहिलेले असते. आपण कधी निघावे, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागते.

खाडीतला तो तांडेल 'पाणी आलं की' म्हणून विडी पेटवून बसायचा, तेव्हा आम्हा पोरांना तो आळशी वाटे. आता वाटते, त्याच्या कामाचा सर्वांत अवघड भाग तो तेव्हाच करत होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)